दृष्टीची घटती शिल्लक

१७५५ साली शार्ल लरॉय या फ्रेंच वैद्याने एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तारेचे वेढे दिले आणि त्यातून विजेचा झटका सोडला. वीज साठवणारी लायडनची बरणी निघून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि युरोपातल्या जिज्ञासू मंडळींना तिने अक्षरश: वेड लावले होते. झटक्याबरोबर त्या अंध माणसाला डोळ्यांपुढून आगीची ज्वाळा वरून खाली सरकल्यासारखी दिसली. प्रयोग पुन्हा पुन्हा झाला, ज्वाळाही पुन्हा पुन्हा दिसली, दृष्टी मात्र आली नाही. तरीही लरॉयच्या हाती एक गोष्ट लागली होती. डोळ्याला उजेडाखेरीज विजेचीही भाषा कळते, ही ती गोष्ट.

पुढे १८७३ साली आंरी डोर या नेत्रवैद्याने डोळ्यांच्या निरनिराळ्या विकारांवर विजेचा उपचार करून पाहिला आणि त्यावर सविस्तर लिहिले. मग हा विषय अडगळीत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो वेगळ्याच वाटेने परत आला. आता झटके नाहीत, तारांचे वेढे नाहीत. चष्म्यासारखी एक चौकट, तिच्यातून बुबुळाला अलगद टेकणारा चांदीचा मुलामा दिलेला केसासारखा धागा, आणि त्यातून सेकंदाला २० या गतीने जाणारी अतिसौम्य विजेची स्पंदने. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. दृष्टी परत येईल असा दावा कोणी जबाबदार माणूस करत नाही. जी आहे ती जाण्याचा वेग कमी होईल का, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न छोटा वाटतो. पण त्याचे उत्तर मिळवायला किती माणसे, किती वर्षे आणि किती पैसा लागतो, आणि तो कोणी खर्च करायचा, हे पाहू लागलो की हा विषय डोळ्यांच्या दवाखान्यापुरता राहत नाही.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्याला आपण दृष्टिपटल म्हणतो, त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. दंडगोल पेशी सुमारे १२ कोटी. त्या मंद उजेडात काम करतात आणि आजूबाजूचे, कडेकडेचे दाखवतात. शंकूपेशी ६० लाखांच्या आसपास. त्या रंग आणि बारीक अक्षर दाखवतात. ‘रेटिनायटिस पिगमेंटोझा’ नावाच्या आनुवंशिक आजारात दंडगोल पेशी हळूहळू मरतात आणि त्यांच्या पाठोपाठ शंकूपेशीही. डच नेत्रवैद्य डोंडर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दिलेले हे नाव खरे तर चुकीचे आहे. त्यात दाह सुचवला आहे, आणि हा मुळात दाहाचा आजार नव्हे. पण एकदा खाते ज्या नावाने उघडले त्याच नावाने ते चालत राहते, तसे हे नाव चालत राहिले.

सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते. मूल तिन्हीसांजेला अंगणात अडखळते. आपल्याकडे रातांधळेपणा म्हटले की ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, म्हणून गाजर, पपई, शेवग्याचा पाला असे समीकरण पक्के आहे, आणि त्या कमतरतेपुरते ते बरोबरही आहे. पण या रातांधळेपणाला गाजर लागू पडत नाही. मग वर्षागणिक नजरेचा घेर आवळत जातो. बोगद्यातून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते, बाजूचे नाही. मधली दृष्टी बऱ्याच जणांची कितीतरी वर्षे टिकते, आणि नेमका इथेच समाजाचा घोटाळा होतो.

आमच्या एका शाखेत एक हेडक्लार्क होते. लेजरमधले मुंगीएवढे आकडे ते चष्म्याविना वाचत. त्यांची बेरीज कधी चुकली नाही. पण काऊंटरवर कोणी बाजूने पितळी टोकन पुढे केले तर त्यांना ते दिसत नसे, आणि गिऱ्हाईक ‘साहेबांना माज आहे’ म्हणत तणतणे. वाटेत स्टूल असले की अडखळून पडत. संध्याकाळी डे-बुक जुळायला उशीर झाला की ते कोणीतरी एस.टी. स्टँडकडे निघण्याची वाट पाहत बसून राहत आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत. शाखेत कुजबूज होती की गृहस्थ घेतात. सहामाही क्लोजिंगच्या एका रात्री दिवे गेले आणि सगळे जण मेणबत्त्या शोधत असताना ते आपल्या खुर्चीत शांत बसून राहिले. नंतर मला म्हणाले, “साहेब, तुमचे दिवे आत्ता गेले. माझे रोज सातला जातात.” आजाराचे नाव त्यांनी त्या रात्री प्रथम सांगितले. तोवर लपवले होते, कारण घरात दोन लग्नाच्या मुली होत्या.

हे लपवणे समजण्यासारखे आहे. आजार जनुकांतून येतो. १९९० साली ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष प्रथम सापडला. आज अशा जनुकांची संख्या ८० च्या पुढे गेली आहे. काही घराण्यांत तो आईकडून किंवा वडिलांकडून थेट उतरतो, काहींत आईकडून मुलग्यांकडे येतो, तर काहींत आई आणि वडील दोघेही धडधाकट असून दोष दोघांत दडलेला असतो आणि दर अपत्यामागे चारात एक अशी शक्यता राहते. या तिसऱ्या प्रकाराला नात्यातली लग्ने पोषक ठरतात. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे, विशेषत: दक्षिण महाराष्ट्रात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे. सख्ख्या आतेमामे भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात. साहजिकच दडलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो.

जगभरात साधारण चार हजारांमागे एकाला हा आजार असतो असे मानले जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले, तेव्हा हे प्रमाण साडेसातशेच्या आसपास माणसांत एक असे निघाले. त्या पाहणीत प्रत्यक्ष रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, तेव्हा त्या आकड्याला फार ताणू नये. आंध्रमधल्या पाहणीचाही रोख मात्र तोच होता. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त असावा. म्हणून जर्मनीतल्या एका गावात या आजारावर चाललेल्या खटपटीशी आपला संबंध पोचतो.

ते गाव ट्यूबिंगेन. नेकार नदीकाठी, पाच शतकांहून जुने विद्यापीठ असलेले. पण तिथवर पोचण्याआधी अमेरिका आणि जपान असे दोन मुक्काम आहेत.

२००० साली इलिनॉयमधल्या ॲलन चाऊ या डॉक्टरांनी रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली दोन मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती बसवली. उजेड पडला की सूर्यघटाप्रमाणे तिने किंचित वीज निर्माण करायची आणि मेलेल्या पेशींचे काम करायचे, अशी कल्पना. झाले ते भलतेच. काही रुग्णांना फरक जाणवला, पण चकती जिथे बसवली होती तिथून दूरच्या भागातही. चकती ‘पाहत’ असती तर फरक तिच्यापुरता राहायला हवा होता. तेव्हा असा तर्क पुढे आला की कृत्रिम पेशी म्हणून चकती कुचकामी असेलही, पण तिच्यातून झिरपणाऱ्या क्षीण विजेने आसपासच्या मरू घातलेल्या पेशींना उभारी दिली असावी.

दुसरा मुक्काम ओसाका. तिथल्या विद्यापीठात मोरिमोतो आणि फुजिकादो यांच्या चमूने उंदरांच्या बुबुळावाटे वीज सोडली. २००५ साली त्यांनी दाखवले की दृष्टीची नस तोडल्यावर एरवी मरणाऱ्या पेशी विजेमुळे अधिक संख्येने वाचतात, आणि त्यामागे दृष्टिपटलातच तयार होणाऱ्या एका वाढपोषक द्रव्याचा हात असावा. पुढे जन्मजात दृष्टिपटल झिजणाऱ्या उंदरांतही प्रकाशपेशी जास्त काळ तगल्याचे त्यांना आढळले. सोप्या भाषेत सांगायचे तर वीज येथे पेशीला खाऊ घालत नाही, पेशीच्या शेजाऱ्यांना तिच्यासाठी डबा पाठवायला लावते. या पद्धतीचे आकर्षणही त्यातच आहे. दोष ८० पैकी कोणत्या जनुकात आहे याची विजेला पर्वा नसते. याउलट २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘लक्सटर्ना’ ही जनुकोपचाराची पद्धत एकाच जनुकाच्या दोषावर चालते, आणि दोन डोळ्यांसाठी तिची किंमत ठेवली गेली साडेआठ लाख डॉलर. त्या तुलनेत आठवड्याला अर्धा तास चौकट लावून बसणे म्हणजे गरिबाघरचा उपाय.

अर्थात उंदराला बरे वाटते की नाही हे विचारावे लागत नाही, माणसाला विचारावे लागते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

ट्यूबिंगेनच्या एबरहार्ट त्स्रेनर यांच्या संस्थेतून २०११ साली पहिला काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण २४, काळ सहा आठवडे, आठवड्यातून अर्धा तास. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. प्रत्येकाला किती प्रवाहाला डोळ्यांपुढे पहिली लुकलुक दिसते हे आधी मोजले. एका गटाला त्या मर्यादेच्या दीडपट प्रवाह दिला, दुसऱ्याला दोनतृतीयांश, आणि तिसऱ्याला सगळी उपकरणे चढवून प्रवाह शून्य. दीडपटवाल्या गटात नजरेच्या घेराचे क्षेत्र आणि दृष्टिपटलाचा विद्युत-आलेख, दोन्ही सुधारले. बातमी आनंदाची होती. त्याच चमूने मग ५२ रुग्णांवर ५२ आठवड्यांचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. यात दीडपट आणि दुप्पट प्रवाह होता. दुप्पट प्रवाहाच्या गटात विद्युत-आलेखाच्या एका घटकात ठळक सुधारणा दिसली, पण नजरेच्या घेरात, म्हणजे रुग्णाला ज्याचे सोयरसुतक आहे त्यात, गटागटांतला फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका निघाला नाही. कल चांगल्या दिशेला होता, एवढेच म्हणता आले. २०२३ साली याच ५२ जणांचे आकडे नव्या पद्धतीने मांडून असे दाखवण्यात आले की प्रवाह जितका जास्त तितकी घेराची झीज मंद. मी आयुष्यभर ताळेबंद पाहिले आहेत. वर्ष संपल्यावर निराळ्या पद्धतीने मांडलेला ताळेबंद खोटा असतो असे नाही, पण त्यावर कर्ज मंजूर करण्याआधी कोणताही शहाणा अधिकारी पुढच्या वर्षाचे आकडे मागतो.

उपचार सुरक्षित आहे का, हे मात्र बऱ्यापैकी समजले आहे. २०२० साली निरनिराळ्या केंद्रांतल्या शंभरावर रुग्णांच्या पाहणीत मुख्य तक्रार निघाली ती डोळे कोरडे पडल्यासारखे वाटण्याची. म्हणजे अपाय किरकोळ, उपाय अनिश्चित. आणि ‘अपाय नाही ना, मग करून टाकू’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते.

उपाय सिद्ध करणे इतके अवघड का, हे मला एका हिशेबाने समजले. बॉस्टनच्या एलियट बर्सन यांनी १९८५ साली अनेक रुग्णांच्या नोंदींवरून काढले की या आजारात शिल्लक असलेल्या घेरापैकी सरासरी ४.६ टक्के दरवर्षी जातो. शिल्लक असलेल्यापैकी, मूळच्या नव्हे. बँकवाल्यांना ही पद्धत तोंडपाठ असते, घटत्या शिलकीवरचा हिशेब. १०० ने सुरुवात केली तर दहा वर्षांनी ६२ उरतात, पंधरा वर्षांनी निम्मे. आता समजा विजेच्या उपचाराने झीज बरोबर निम्म्यावर आली, वर्षाला २.३ टक्के. तर निम्मा घेर जायला पंधराऐवजी तीस वर्षे लागतील. विशीतल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ पस्तिशीऐवजी पन्नाशी. तिचे शिक्षण, नोकरी, मुलांचे लहानपण, सगळे त्या मधल्या पंधरा वर्षांत येते. फायदा इतका मोठा आहे.

परंतु पहिल्या वर्षाअखेर दोन गटांतला फरक किती दिसणार? १०० पैकी जेमतेम सव्वादोन. आणि नजरेचा घेर मोजण्याची जी तपासणी आहे, ज्यात अर्धगोलात डोके ठेवून बारीक दिवा दिसला की बटण दाबायचे असते, तिच्यात त्याच माणसाचा त्याच आठवड्यातला आकडा याहून कितीतरी जास्त खालीवर होतो. माणूस दमलेला असतो, कंटाळलेला असतो, किंवा दुसऱ्या खेपेला तपासणीची सवय होऊन जास्त चांगले करतो. पाच किलोच्या फरकाने डुलणाऱ्या काट्यावर पावशेर तोलायचे, तसे हे आहे. पुष्कळ माणसे पुष्कळ वर्षे तोलली तरच पावशेर दिसेल. त्यात आशेचे वजन वेगळे. ज्याला वाटते की आपल्यावर उपचार चालू आहे, तो बटण अधिक उमेदीने दाबतो. म्हणूनच तो शून्य प्रवाहाचा गट लागतो. आणि तिथेही एक मेख आहेच. खरा प्रवाह मिळणाऱ्याला डोळ्यांपुढे लुकलुक दिसते, शून्यवाल्याला ती दिसत नाही. हुशार रुग्ण ताडतो.

आता पैशाचा मुद्दा. हे उपकरण रॉयटलिंगेनच्या एका कंपनीने बाजारात आणले, युरोपात विकण्याची परवानगीही मिळाली. पण युरोपात उपकरण विकण्याची परवानगी आणि विमा संस्थेने त्याचे पैसे देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत कोट्यवधी लोकांचा सक्तीचा आरोग्य विमा कोणत्या उपचाराचे पैसे देईल हे डॉक्टर, रुग्णालये आणि विमा संस्था यांची एक संयुक्त समिती ठरवते. रुग्णांचे प्रतिनिधी तिथे बसतात, बोलतात, सूचना मांडतात. मत देण्याचा हक्क मात्र त्यांना नाही. २०१२ पासून तिथल्या कायद्यात एक मधला दरवाजा आहे. एखाद्या उपचारात दम दिसतो पण पुरावा अपुरा आहे, अशा वेळी समितीने सरळ ‘हो’ किंवा सरळ ‘नाही’ म्हणण्याऐवजी त्याची चाचणी लावायची आणि चाचणीतल्या उपचारांचा भार विमा निधीने उचलायचा. विजेचा हा उपचार त्या दरवाजातून आत घेतला गेला.

मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. बँकेत अशी कितीतरी प्रकरणे येत. माणूस प्रामाणिक, धंद्याची कल्पना चांगली, पण कागद पुरेसे नाहीत. वरचे कार्यालय दोनच शिक्के जाणत असे, मंजूर आणि नामंजूर. मंजूर केले तर उद्या ठेवीदारांचा पैसा बुडण्याची भीती, नामंजूर केले तर एखादा चांगला कारखाना उभाच राहत नाही. ‘थोडे भांडवल देऊ, वर्षभर हिशेब पाहू, मग ठरवू’ असा तिसरा शिक्का हवा होता. सार्वजनिक पैशातून उपचार विकत घेण्याऐवजी आधी उत्तर विकत घ्यायचे, हा तो तिसरा शिक्का.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ज्याची शिल्लक दरवर्षी घटते आहे त्याला ‘आणखी तीन वर्षे थांबा’ असे सांगणे क्रूरपणाचे नाही का? चाचणीत भाग घेतला तरी चिठ्ठीत शून्य निघाले तर? अपाय नसलेली गोष्ट मागेल त्याला द्यावी, असे एखादा बाप म्हणाला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु धोरण बापाच्या काळजावर ठरवता येत नाही, याची साक्ष या आजाराच्याच इतिहासात आहे.

हवानामध्ये या आजारासाठी एक खास केंद्र निघाले. शस्त्रक्रिया, रक्तात ओझोन वायू मिसळणे आणि, होय, विजेची उत्तेजना, असा तिहेरी उपचार तिथे होई. परदेशांतून रुग्ण पदरचे पैसे खर्चून जात आणि बरे वाटले म्हणून सांगत. १९९६ साली बर्सन यांनी तिथे जाण्याआधी आणि जाऊन आल्यानंतर तपासलेल्या १० रुग्णांचे आकडे प्रसिद्ध केले. फायदा कोणताच नव्हता, उलट घेराची झीज अपेक्षेपेक्षा जास्त झाल्याची शंका होती. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटत होते, दिसत कमी होते.

याच बर्सन यांनी १९९३ साली ६०१ रुग्णांवरच्या कित्येक वर्षांच्या चाचणीतून सांगितले की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने झीज थोडी मंदावते. जगभरच्या डॉक्टरांनी ते लिहून द्यायला सुरुवात केली. तीस वर्षांनी, २०२३ साली, त्यांच्याच परंपरेतल्या संशोधकांनी जुन्या नोंदी जनुकीय माहितीसह पुन्हा तपासल्या, तेव्हा तो फायदा त्यांना दिसला नाही. सहाशे रुग्ण आणि अनेक वर्षे घालून काढलेला निष्कर्षही असा डळमळतो, तर ५२ रुग्ण आणि एक वर्ष यावर घर बांधायला सांगणाऱ्याला काय म्हणावे?

आणि उपकरणांच्या बाबतीत एक निराळाच धोका आहे. ‘अर्गस-२’ नावाचे ६० विद्युत-टोकांचे यंत्र शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवून ठार अंध माणसाला प्रकाशाचे ठिपके दाखवता येत. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. जगभरात साडेतीनशेवर लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ साली कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी बहुतेक नोकरवर्ग कमी केला, आणि डोळ्यात यंत्र असलेले रुग्ण दुरुस्तीविना, सुट्या भागांविना राहिले. घरातले फ्रीज बंद पडले तर आपण दुसऱ्या कंपनीचे आणतो. डोळ्यातले यंत्र काढून दुसऱ्या कंपनीचे बसवता येत नाही. बुबुळावाटे द्यायच्या उपचारात निदान ही भीती नाही, चौकट काढून ठेवता येते. पण ज्या उपचाराचा फायदा तीस वर्षे तो घेत राहण्यात आहे, त्याच्या पाठीशी तीस वर्षे कोण उभे राहणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो कंपनीवर सोपवण्याजोगा नाही.

आपल्याकडे याचा बोध काय? जर्मनीसारखा सक्तीचा विमा नाही, तेव्हा तशी समितीही नाही. रुग्ण बहुधा स्वत:च्या खिशातून पैसे देतो, आणि जो खिशातून देतो त्याला पुरावा मागायची उसंत नसते. ‘सूक्ष्म विद्युत’, ‘नेत्र-उद्दीपन’ अशा गोंडस नावांनी कोणी हा उपचार विकू लागले तर कुटुंबांनी काय पाहावे? भारतात रुग्णांवरच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कोणालाही पाहता येते. ‘संशोधन चालू आहे’ असे सांगणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा. दुसरे, संशोधनाचा भाग असलेल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत असा वैद्यकीय संशोधन परिषदेचा दंडक आहे. संशोधनही म्हणायचे आणि बिलही द्यायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की उठून यावे. आपल्याकडे रुग्णांची संख्या मोठी आहे, उत्तम नेत्रसंस्था आहेत, जनुकीय चाचण्या आवाक्यात येत आहेत. हजार-दोन हजार रुग्णांची पाच वर्षांची चाचणी सरकारी पैशातून करायची तर ती करायला आपल्याइतका योग्य देश दुसरा नाही, असे माझे मत आहे. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे तिचा खर्च फार मोठा नसेल.

दरम्यान ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेच सिद्ध झालेले आहे. या आजारात मोतीबिंदू लवकर येतो आणि तो काढता येतो. मधल्या भागाला सूज येते, तिच्यावर औषध आहे. ‘याला काही इलाज नाही’ एवढे ऐकून जे पुन्हा डॉक्टरांकडे गेलेच नाहीत, ते या दोन कारणांनी हातची दृष्टी गमावतात. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरले आहे, समोरचे अक्षर वाचता येत असले तरीही. आमच्या हेडक्लार्कना असा कागद मिळाला असता तर ‘घेतात’ म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली असती. पांढरी काठी वेळेवर हाती घेतली तर पडणे टळते. पण ती घ्यायला लोक दहा दहा वर्षे लाजतात.

आणि घरात एकाला आजार निघाला तर भावंडांचेही डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्यावेत, लग्न ठरण्याची वाट न पाहता. अंधारात चप्पल चाचपडणारे, सिनेमागृहात खुर्ची शोधताना हात धरणारे, संध्याकाळनंतर खेळायला न जाणारे एखादे दुसरे मूल त्याच घरात असू शकते, आणि ते आळशी किंवा भित्रे आहे असा घरच्यांचा समज असतो.